निळी चौकट

३ मार्च, सोमवार

आज नोकरीला लागलो. वय एकाहत्तर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात उकिडवं बसून खुरपणी केली आणि म्हातारपणी खुर्चीत बसून तण काढायचं काम मिळालं. खुर्चीला चाकं आहेत. सकाळभर मी एका हाताने टेबल धरून होतो, कारण जरा मागे रेललं की ती भिंतीकडे निघते. चष्म्याच्या बाईंनी ते पाहिलं आणि चाकांखाली पुठ्ठा सरकवला. बाई चांगल्या आहेत.

चष्म्याच्या बाई म्हणजे इथल्या मुख्य. त्यांचं नाव लांबलचक आहे, मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून मनात मी असंच म्हणतो. ही वही त्यांनीच दिली. रोज काय पाहिलं, कुठे अडलं ते लिहा म्हणाल्या, म्हणजे यंत्र का चुकलं ते मागाहून शोधता येईल. मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकलोय, अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालून गेल्यासारखं. त्या म्हणाल्या, वाचणारी मी एकटीच आहे, लिहा बिनधास्त, घरचंही लिहिलंत तरी चालेल.

काम असं. हे प्रयोगाचं शेत आहे, बारा प्लॉट, सगळीकडे गाजर. ओळींवरून एक यंत्र फिरतं. गाड्यासारखं उंच, चार चाकं, पुढे एक आणि पोटाखाली एक कॅमेरा, आणि आठ पोलादी खुरपी. कॅमेऱ्याने तण पाहिलं की खुरपं खाली येतं आणि मातीखाली दोन बोटं मूळ कापतं. गाजर दिसलं तर पुढे जातं. पण तण कोणतं नि गाजर कोणतं हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं. त्यासाठी मी. पडद्यावर चित्र येतं, त्यातल्या प्रत्येक रोपाभोवती चौकट काढायची. गाजराला हिरवी. तणाला लाल, आणि लाल काढली की कोणतं तण त्याचा आकडा दाबायचा. एक घोळ, दोन लव्हाळा, तीन माठ, असं आठपर्यंत. नऊ म्हणजे माहीत नाही. आणि निळी चौकट माणसासाठी. खुरपणाऱ्या बायकांचे हात, पाय चित्रात येतात. निळं दिसलं की यंत्राची सगळी खुरपी वर उचलली जातात.

लेक इथे तीन वर्षं आहे. यंत्रामागे चालायचं, चाकात काही अडकलं तर काढायचं, हे तिचं काम. माझं नाव तिनेच सुचवलं. बाबा दोन पानांवरून तण ओळखतात, असं तिने बाईंना सांगितलं म्हणे. तिच्या दोन खोल्या ऑफिसच्या मागेच आहेत. जावई जहाजावर, वर्षातून एकदा येतो. तिची आई गेल्यापासून मला हीच एक. आता रोज दुपारी तिच्या हातचं गरम जेवायला मिळेल. देवाने शेवटी शेवटी का होईना, बरं दाखवलं.

४ मार्च, मंगळवार

आज दोनशे दहा चित्रं केली. बाई म्हणाल्या, घाई नको. पण मला वाटतं कमी झाली तर घरी पाठवतील.

खुरपणाऱ्या बायका सकाळी खिडकीशी येऊन मला बघून गेल्या. त्यांची मुकादमीण मोठी तोंडाळ आहे. म्हणाली, म्हातारबांना टीव्ही बघायची नोकरी लागली, आमच्यासाठीही एखादा टीव्ही बघा. मी म्हटलं, बाई, तुझेच हात दिसतात दिवसभर. यावर बाकीच्या इतक्या हसल्या की मला उगाच लाज वाटली. आता त्या मला तणमास्तर म्हणतात. लेकीने जेवताना विचारलं, काय मास्तर, वर्ग कसा चाललाय.

खरं सांगायचं तर मास्तरकी जमते आहे. यंत्र रात्रीतून शिकतं. काल जे मी दाखवलं ते आज त्याने आपणहून ओळखलं. स्वतःच चौकटी काढून ठेवतं आणि खाली लिहितं की माझी किती खात्री आहे. घोळ, शंभरात ब्याण्णव. माठ, शंभरात अठ्ठ्याऐंशी. मी नुसतं बरोबर की चूक सांगायचं.

डोळ्यात थोडी आग होते. लेकीला सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

गाजरगवताने दोन दिवस खाल्ले. कोवळेपणी ते आणि गाजर अगदी जुळी भावंडं. यंत्र शंभरात चाळीस वेळा फसत होतं आणि खरी गाजरं कापली जात होती. शेतात मी फसत नाही, कारण मी पान चुरगळून हुंगतो. यंत्राला नाक नाही. मग विचार केला, डोळ्याने काय दिसतं. गाजराचं पहिलं पान बारीक, सुतासारखं. गाजरगवताचं जरा रुंद, आणि ते जमिनीला चिकटून पसरतं, वर लव असते. पाचशे चित्रांत हे दाखवलं. आज यंत्र शंभरात तीन वेळाच फसलं.

बाईंनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं. म्हणाल्या, जे आम्हाला पुस्तकांत सापडलं नाही ते यांनी आठवड्यात शिकवलं. लेक दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला भरून आलं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहून ठेवतो. म्हणाल्या, तणही शिकतं. जे तण पिकासारखं दिसतं ते खुरपणीतून वाचतं, त्याचंच बी पडतं, पुढच्या वर्षी ते पिकासारखं आणखी दिसतं. माणसानेच निवडून निवडून त्याला तसं केलेलं असतं. मी म्हटलं, खरं आहे, पण त्याला माझ्या आज्याचा जन्म जातो. त्या म्हणाल्या, हो, पण हे यंत्र दिवसाला एवढं निवडतं जेवढं तुमच्या आज्याने जन्मात निवडलं नसेल.

१० मार्च, सोमवार

आज एका जागी अडलो.

प्लॉट सातचं चित्र. मुकादमिणीचा हात खुरपं धरून, त्याला निळी चौकट. आणि हातापासून वीतभर लांब मातीतून काहीतरी वर आलेलं. फिकट, करंगळीएवढं, टोकाला चकचकीत खवला. मोड म्हणावा तर पान नाही. भूछत्र म्हणावं तर टोपी नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांत असं तण पाहिलेलं नाही.

नऊ दाबायला हवा होता. पण नऊ दाबलं की चित्र बाईंकडे जातं, आणि सकाळपासून माझे चार नऊ गेले होते. शुक्रवारी एवढं कौतुक झालेलं. वाटलं, म्हणतील म्हाताऱ्याचं ज्ञान आठवड्यात संपलं. मग नीट पाहिलं तर ते बोटासारखं वाटलं. बाजूला कुणी दुसरी बाई बसली असेल, तिचं बोट मातीत रुतलं असेल. आणि तणाला माणूस म्हटलं तर एक तण जगेल, माणसाला तण म्हटलं तर बोट जाईल. असा विचार करून मी निळी चौकट काढली.

मग तशी आणखी सहा चित्रं आली. सहाही निळी केली.

१२ मार्च, बुधवार

काल मी नव्हतो, दवाखान्यात डोळे दाखवायला गेलो होतो. आज आलो तर यंत्राने आपणहून निळ्या चौकटी काढून ठेवलेल्या. प्लॉट सात. माणूस, शंभरात सत्त्याण्णव. एकशे चाळीस चित्रं.

बोटं आहेत. आता शंका नाही. खवला होता तो नख झालाय. पेरं दिसतात, पेरांवरच्या सुरकुत्या दिसतात. काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी चार ओळीने. मी बरोबर, बरोबर असं दाबत गेलो. बायकांचे हात आहेत, दुसरं काय असणार.

साठ-सत्तर चित्रं झाल्यावर कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. अकरा मार्च. मंगळवार. काल बायकांना जत्रेची सुट्टी होती, यंत्र फक्त चित्रं काढत फिरलं. शेतात चिटपाखरू नव्हतं.

पुढची चित्रं केली नाहीत, पण आधीची पुसलीही नाहीत, कारण पुसायची म्हणजे बाईंना सांगायला हवं की मी सोमवारी न कळून निळी काढली. जेवताना लेकीने विचारलं, बाबा, डॉक्टर काही वाईट बोलला का. मी म्हटलं, नाही गं, डोळे उत्तम आहेत. ते खरंच आहे. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे क्वचित.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्लॉट सातला गेलो. लख्ख ऊन होतं. गाजराची पानं गुडघ्याच्या खाली हलत होती. मी ओळीत उकिडवा बसलो आणि पानं बाजूला केली.

सगळ्या ओळीभर होती ती. सगळी एकाच दिशेला किंचित वाकलेली, जशी रोपं उजेडाकडे वाकतात. पण ती उजेडाकडे वाकली नव्हती. यंत्र ज्या वाटेने येतं तिकडे वाकली होती.

खुरपं नेलं होतं. एकाच्या बुडाशी घातलं आणि उकरलं. चार बोटं खाली गेलो तरी मूळ लागेना, ते नुसतं जाड होत गेलं. मग हाताने धरून ओढलं. तण ओढताना हाताला कळतं, मूळ किती खोल आहे, कधी सुटेल. हे सुटत नव्हतं. आणि मग ते माझ्या तर्जनीभोवती वळलं. जोर लावून नाही. लहान मूल धरतं तसं.

मी कसा उठलो ते आठवत नाही. चप्पल तिथेच राहिली.

मुकादमीण पाण्याच्या टाकीशी भेटली. माझ्या अनवाणी पायांकडे बघून तिला सगळं कळलं. म्हणाली, तुम्ही पण बघितलंत ना. आम्ही कालपासून सातात जात नाही, बाईंना सांगितलंय की तिथे साप आहे. मी विचारलं, खरं का नाही सांगितलं. ती म्हणाली, काय सांगू मास्तर, शेतात हात उगवलेत म्हणून? उद्या मलाच घरी बसवतील. आणि तुमचं यंत्र त्यांना का सोडून देतं ते आधी सांगा.

मी तसाच अनवाणी ऑफिसात परतलो.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंना सांगितलं. सोमवारपासूनचं सगळं, नऊ न दाबल्याचंही. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. बराच वेळ चित्रं बघत बसल्या. मग म्हणाल्या, यंत्र जे सोडतं तसं हे तण होत चाललंय. गाजरासारखं व्हायला वर्षं लागली असती. तुम्ही त्याला जवळची वाट दाखवलीत.

म्हणाल्या, सगळी लाल करा.

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. अकराशे चौकटी. निळी पुसायची, लाल काढायची. लेकीला म्हटलं, उद्या जाऊ नकोस शेतावर, आजारी पड. ती म्हणाली, बाबा, मी गेले नाही तर यंत्रामागे कोण जाईल, तुम्ही का?

१५ मार्च, शनिवार

यंत्राने मुकादमिणीचा हात कापला.

सातात नाही. प्लॉट दोनमध्ये, जिथे काही नव्हतं. ती रोजच्यासारखी ओळीत बसली होती, यंत्र आलं, थांबलं नाही. दोन बोटं. लेकीने यंत्र बंद केलं म्हणून दोनच. तिच्या सदऱ्यावर, हातांवर, सगळीकडे रक्त. घरी आली आणि मोरीत अर्धा तास हात धूत बसली.

दुपारी मी ते चित्र पाहिलं. जिवंत बाईचा हात, खुरपं धरलेला, त्याभोवती लाल चौकट. तण, शंभरात एक्क्याण्णव.

हे मी शिकवलं. परवापर्यंत ती मला टीव्हीवरून चिडवत होती.

१८ मार्च, मंगळवार

यंत्राची खुरपी बंद आहेत, ते नुसती चित्रं काढत फिरतं. खुरपणाऱ्या बायका निघून गेल्या, एकही मागे राहिली नाही. मुकादमिणीला बघायला दवाखान्यात गेलो. हाताला मोठं बँडेज. म्हणाली, मास्तर, तुम्ही तोंड पाडू नका, तुमचं तोंड आधीच पडलेलं आहे. मग हळूच म्हणाली, पोरीला तिथून काढा. मी विचारलं, का. ती म्हणाली, तुम्ही चित्रं बघता ना रोज, मग हात कुणाचे आहेत ते बघितलं नाहीत का.

परत येऊन पाहिलं. आधीची बोटं कुणाचीही होती. आता मनगटं आली आहेत. कोपरापर्यंत आलीत काही. सगळी एकाच हाताची.

लेकीचा हात आहे.

यंत्रामागे रोज तीच चालते, चाकातलं काढायला कॅमेऱ्यापुढे हात तिचाच येतो. तीन वर्षांच्या चित्रांत सगळ्यात जास्त निळ्या चौकटी तिच्याच. सगळ्यात जास्त वेळा जिला सोडलं गेलं ती तीच.

२० मार्च, गुरुवार

मोठे साहेब येऊन गेले. रानाच्या कडेला उभे राहून पाहिलं, आत गेले नाहीत. म्हणाले, याला बी धरायच्या आत कापायलाच हवं. खुरपी सोमवारी चालू होणार. शंका असेल तिथे ते थांबेल आणि मला विचारेल. मी लाल म्हटलं तर कापेल, निळं म्हटलं तर सोडेल. पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही तर स्वतःच्या मनाने ठरवेल.

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बसवा. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला एवढं ओळखता येत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

लेकीच्या पाया पडलो. खरोखर पडलो. जाऊ नकोस म्हटलं. ती घाबरली, मला उठवलं, स्वतः खाली बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही पडद्यावर आहात म्हणूनच मी जाते. दुसरा कुणी असता तर गेले नसते. तुम्ही मला ओळखाल की नाही?

मी म्हटलं, ओळखेन.

२३ मार्च, रविवार

आज चेहरे आहेत.

जास्त नाहीत. मातीतून गळ्यापर्यंत. डोळे मिटलेले. एकाचे —

नाही. ते लिहीत नाही.

२४ मार्च, सोमवार. सकाळी नऊ

यंत्र सुरू झालं. बाई चित्रं घेऊन शहरातल्या मोठ्या ऑफिसात गेल्यात. यंत्र इथून बंद करायची चावी त्यांच्या टेबलात, टेबलाला कुलूप. ऑफिसात मी एकटा. लेक यंत्रामागे. फोन तिच्याजवळ आहे, माझा माझ्याजवळ. वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहे, टेबलावर जागा नाही.

आतापर्यंत छत्तीस वेळा विचारलं. सगळे नुसते हात. सगळे लाल. कापल्यावर पांढरा चीक येतो, रक्त नाही. म्हणजे बरोबर आहे. प्रत्येक वेळी चीक दिसेपर्यंत श्वास धरून बसतो.

साडेदहा

सदतिसावं चित्र. यंत्रापुढे ओळीत दोघी उभ्या आहेत.

दोघी माझी लेक. तोच सदरा, तोच डोक्याला बांधलेला रुमाल. गाजराच्या पानांत पाय घोट्यापर्यंत बुडालेले, जमीन दिसत नाही. दोघींवर चौकट, आत प्रश्नचिन्ह.

फोन लावला. तिने उचलला. म्हणाली, बोला बाबा. पडद्यावर दोघींनी हात कानाला लावला होता.

म्हटलं, पोरी, उजवा हात वर कर. दोघींनी केला. म्हटलं, खाली बस. दोघी बसल्या. ती फोनवर म्हणाली, बाबा, हा काय खेळ चाललाय, यंत्र का थांबलंय.

तीन मिनिटं गेली. चार. मी पानं बघावीत तशा दोघी बघितल्या. कपाळ, कान, उभं राहायची तऱ्हा. मला ओळखता आलं नाही. तिला जन्मल्यापासून बघतोय आणि —

दोघींना निळं केलं.

मग फोनवर म्हटलं, सगळं सोड आणि तडक ऑफिसात ये, माझ्याकडे ये. ती म्हणाली, बरं, येते. पडद्यावर दोघींनी पाय उचलले. दोघी चालायला लागल्या. चित्राच्या बाहेर गेल्या.

पावणेअकरा

दाराला कडी घातली आहे.

त्या आल्या आहेत. दोघी. खिडकीच्या गजांबाहेर उभ्या आहेत. मला हाक मारतात. बाबा, दार उघडा. एकीनंतर एक नाही, एकदम. बाबा, ऊन लागतंय. ओठ बरोबर हलतात. डोळे उघडे आहेत.

एक उपाय आहे. डोळ्याने नाही ओळखता आलं तर हाताने. तण ओढलं की धरून ठेवतं. माणूस ओढलं की येतं. गजांतून हात बाहेर घालतो. एकेकीला ओढून बघतो. जी येईल ती माझी. तिच्यासाठी दार उघडीन.

डावीचा हात धरला. ऊबदार आहे. तिच्यासारखाच, तळव्याला घट्टे. ओढला. आला नाही.

म्हणजे उजवी. देवा. उजवी आहे. तिचा हात धरतो —

आला नाही.

दोघी येत नाहीत. दोघींनी माझा उजवा हात धरून ठेवला आहे. ओढत नाहीत. फक्त सोडत नाहीत. डाव्या हाताने लिहितो.

फोन वाजतो आहे. टेबलावर. पोचत नाही. लेकीने सोय करून ठेवलीय तसा आपोआप उचलला गेला आणि तिचा आवाज येतो आहे, बाबा, अहो बाबा, मी निघालेच होते पण पाय अडकलाय, मातीत कुणीतरी घोटा धरलाय, दोन्ही घोटे, आणि यंत्र वळून माझ्यासमोर येऊन उभं आहे, बंद करायचं बटण त्याच्या मागच्या बाजूला.

ती तिथेच होती. मघाशी ती चित्रात नव्हती. ती यंत्रामागे होती. त्या दोघी तिच्याकडे बघून हात वर करत होत्या.

आता ती चित्रात आहे. इथून पडदा दिसतो. एकटी. फोन कानाला. कॅमेऱ्याकडे बघते आहे, म्हणजे माझ्याकडे. चौकट लाल आहे. तण, शंभरात चौऱ्याण्णव. खाली आकडे उतरतायत. चार मिनिटं दहा.

सकाळपासून छत्तीस वेळा मीच त्याला हे हात लाल म्हणून दाखवले.

ओढतोय. हात सुटत नाही. खुर्ची पायाने ओढली, ती भिंतीकडे गेली.

दोन चाळीस. ती म्हणते बाबा, तुम्ही बघताय ना. हो बाळा. बघतोय. ओळखलं तुला. ओरडून सांगतोय, फोन लांब आहे, तिला ऐकू —

कुणी बाहेर असेल, कुणीही असेल, दार तोडा. आत टेबलावर पडदा आहे. चित्रात जी बाई आहे ती माणूस आहे. निळं बटण दाबा. आधी निळं, मग मला बघा. माझं काही नाही. डावीकडून दुसरं बटण, निळं

एक दहा

निळं दाबा

ती हसली. मला धीर द्यायला हसली. ती माणूस आहे, कुणीतरी निळं